गयाना तेल विकणारा देश झाला, पण करार तोच ठेवायचा का?

सागरवाट

मी टँकरवर इंजिनियर आहे. दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या समुद्रातून कच्चं तेल भरायला आम्ही अधूनमधून जातो. किनाऱ्यापासून दोनशेएक किलोमीटर आत एफपीएसओ उभी असतात, म्हणजे समुद्राच्या तळातून येणारं तेल साफ करून साठवणारी अजस्र जहाजं. त्यांच्या मागे जाऊन उभं राहायचं, तरंगता होज (जाड रबरी नळ) जोडायचा, दहा लाख बॅरल पोटात घ्यायचे आणि निघायचं. सत्तर डॉलर भाव धरला तर एका खेपेत ७ कोटी डॉलरचा माल. या सगळ्यात गयानाची जमीन नजरेलाही पडत नाही.

मागच्या खेपेला साईन ऑफ तिथेच झालो, म्हणजे पाळी संपवून जहाजावरून उतरलो, आणि विमानासाठी राजधानी जॉर्जटाऊनमध्ये तीन दिवस थांबलो. पहिल्याच संध्याकाळी वीज गेली. हॉटेलचा जनरेटर सुरू झाला आणि खिडकीतून डिझेलचा वास आत आला. ते डिझेल परदेशातून आलेलं होतं. देशात रिफायनरी नाही, त्यामुळे कच्चं तेल बाहेर जातं आणि पेट्रोल-डिझेल बाहेरून येतं. २०२४ मध्ये तर विजेची इतकी ओढाताण झाली की सरकारने तुर्कस्तानच्या कंपनीचं तरंगतं वीजकेंद्र भाड्याने आणून बर्बिस नदीत उभं केलं.

दुसऱ्या दिवशी बोर्डा मार्केटला गेलो. तिथे आपल्या चवळीसारख्या हातभर लांब शेंगा जुड्या बांधून विकतात, त्यांना 'बोरा' म्हणतात. विकणाऱ्या आजी भारतीय वंशाच्या. आपल्याला हा देश माहीत आहे तो क्रिकेटमुळे (गावसकरांनी मुलाचं नाव रोहन ठेवलं ते इथल्याच रोहन कन्हाय यांच्यावरून), पण या माणसांचे पूर्वज १८३८ पासून कलकत्त्याहून गिरमिटिया (करारबद्ध मजूर) म्हणून उसाच्या मळ्यांवर आले. आजींना म्हटलं, तेलामुळे बरे दिवस आले असतील. त्या म्हणाल्या, मुलगा साखर कारखान्यात होता, कारखाना बंद झाला, आता तो गोदामात रोजावर जातो. पोरांचं घरभाडं वाढलं, कोंबडी महाग झाली. मग पाण्याचा शिपका मारून त्या पुन्हा जुड्या लावायला लागल्या.

आता मूळ मुद्दा. २०१५ पर्यंत हा देश व्हेनेझुएलाला तांदूळ देऊन बदल्यात इंधन घ्यायचा. त्याच वर्षी मे महिन्यात लिझा-१ विहिरीत तेल लागलं. २० डिसेंबर २०१९ ला उत्पादन सुरू झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये चौथं एफपीएसओ चालू झालं आणि आता रोजचं उत्पादन ९ लाख बॅरलच्या घरात आहे. लोकसंख्या जेमतेम ८ लाख. म्हणजे माणशी रोज एक बॅरलहून जास्त!

पण एक्सॉनमोबिल आणि तिच्या भागीदार कंपन्यांशी झालेल्या २०१६ च्या करारात रॉयल्टी फक्त २ टक्के. विकलेल्या तेलातले ७५ टक्क्यांपर्यंत पैसे कंपन्या आधी खर्चवसुली म्हणून उचलतात, उरलेल्याचे निम्मे-निम्मे. १०० बॅरलमागे साडेबारा आणि रॉयल्टीचे दोन, असे साडेचौदा बॅरल देशाच्या वाट्याला. वर कंपन्यांचा प्राप्तिकरही सरकारने आपल्या हिश्श्यातून भरायचा. माझं मत स्पष्ट आहे, गयानाने हा करार पुन्हा चर्चेला घेतला पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

हिशेबनीस

सागरवाट, लिहिलंय तळमळीने, पण निष्कर्ष पटला नाही. मी वीस वर्षं तेलशोधाच्या कामात काढली, म्हणून सविस्तर लिहितो.

लिझा ज्यात आहे तो ब्लॉक, म्हणजे तेलशोधासाठी आखून दिलेला समुद्राचा तुकडा, कंपनीला १९९९ मध्येच दिला गेला होता. पुढच्याच वर्षी शेजारी देश सूरिनामच्या गनबोटींनी शेजारच्या भागात काम करणाऱ्या एका कंपनीची रिग हुसकावून लावली आणि समुद्रसीमेचा वाद २००७ मध्ये सुटेपर्यंत काम ठप्प राहिलं. गयानाच्या समुद्रात आधीच्या पन्नासएक वर्षांत खोदलेल्या विहिरींनी कोणाचंच नशीब उघडलं नव्हतं. या ब्लॉकमध्ये निम्मी भागीदारी असलेली शेल २०१४ मध्ये बाहेर पडली. लिझा सापडण्याच्या फक्त एक वर्ष आधी! शेलकडे भूगर्भतज्ज्ञ कमी होते का? विहीर कोरडी निघाली असती तर १७०० मीटर पाण्याखाली ओतलेले पैसे गयानाने परत दिले नसते. जोखीम ज्याची, मोठा वाटा त्याचा. या धंद्याची रीत तीच आहे.

आणि साडेचौदा हा आकडा कायमचा नाही. खर्च वसूल होत जाईल तसा नफ्याचा ढीग वाढतो आणि सरकारचा वाटा पन्नास टक्क्यांच्या दिशेने जाऊ शकतो. सुरुवातीच्या वर्षांचा आकडा दाखवून लुटीचा आरोप करणं बरोबर नाही.

नदीपलीकडे

हिशेबनीस, जोखमीची गोष्ट १९९९ च्या कराराला लागू पडते. सही २०१६ ची आहे. तेल लागलं २०१५ ला! तेल हाती आल्यावर नव्याने सही करताना २ टक्क्यांवर कोण मान्य होतं? १ कोटी ८० लाख डॉलरचा साइनिंग बोनस घेतला, तोही लोकांपासून लपवला. बोनस आणि करार दोन्ही डिसेंबर २०१७ मध्ये उघड झाले. सरकारला स्वतःलाच हे कळतं, म्हणून तर २०२३ मध्ये नव्या ब्लॉकसाठी १० टक्के रॉयल्टी, ६५ टक्के खर्चमर्यादा आणि वर १० टक्के कंपनी कर ठरवला.

हिशेबनीस

२०१५ च्या मे महिन्यात व्हेनेझुएलाने काय केलं तेही सांगा. फर्मान काढून गयानाच्या जवळपास सगळ्या समुद्रावर हक्क सांगितला. एसेकिबो, म्हणजे देशाचा दोन-तृतीयांश भूभाग, आपलाच म्हणणारा शेजारी उशाशी आणि गयानाकडे नाव घेण्याजोगं नौदल नाही. अशा वेळी मोठी अमेरिकन कंपनी तुमच्या पाण्यात पैसे ओतून उभी राहते, ते संरक्षणच असतं. २०२३ च्या डिसेंबरात व्हेनेझुएलात एसेकिबोवरच्या हक्कासाठी सार्वमत झालं. १ मार्च २०२५ ला त्यांचं गस्ती जहाज एफपीएसओपर्यंत येऊन गेलं. सागरवाट, तुम्ही त्याच पाण्यात जाता, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

सागरवाट

नको. त्या बातमीनंतर घरून आलेले फोन अजून आठवतात. बायकोला समजावताना माझाच आवाज कापत होता. हा मुद्दा मी मूळ लेखात घ्यायला हवा होता, चूक झाली. पण भीतीपोटी केलेला करार भीती आहे तोवर चालवायचा, तर तो चाळीस वर्षं तसाच चालेल.

दाभोळकडचा

महाराष्ट्रातल्या माणसाने या विषयावर बोलताना एन्रॉन विसरू नये. १९९५ मध्ये आपल्या सरकारने एन्रॉनशी झालेला दाभोळचा वीजकरार रद्द केला, १९९६ मध्ये फेरवाटाघाटी करून पुन्हा सही केली. हाती काय आलं? महाग वीज राज्याच्या वीज मंडळाला झेपेना, २००१ मध्ये खरेदी थांबली आणि प्रकल्प बंद पडला. आमच्याकडे रस्त्याच्या कामाला लागलेली पोरं एका रात्रीत घरी बसली. फेरकरार म्हटलं की लोक टाळ्या वाजवतात, पण सही करताना वाचायला शिकलेली माणसं आधी हवीत.

नदीपलीकडे

दाभोळमध्ये आपण विकत घेणारे होतो, बिल आपल्यावर फुटत होतं. गयाना मालाचा मालक आहे. विहिरी उचलून कोणी नेऊ शकत नाही. हा फरक फार मोठा आहे.

ओवी_वाचक

मला करारापेक्षा ऑडिटची चिंता वाटते. १९९९ ते २०१७ चा खर्च तपासला तेव्हा बाहेरच्या तपासनिसांनी २१ कोटी ४० लाख डॉलरवर बोट ठेवलं. नंतर कंपनीशी बोलून तो आकडा ३० लाखांवर आणल्याचं बाहेर आलं आणि गदारोळ झाला. खर्च आधी वसूल होणार असेल तर खर्चाची प्रत्येक पावती म्हणजे देशाचे पैसे. आणि तिथे रिंगफेन्सिंग नाही. एका क्षेत्रातल्या तेलातून दुसऱ्या क्षेत्रातल्या खोदाईचा खर्च कापता येतो. हिशेबनीस म्हणतात तो नफ्याचा ढीग म्हणून पुढे-पुढे ढकलला जातो. नवीन एफपीएसओ आलं की नवीन खर्च. टक्केवारीला हात न लावता निदान एवढं तरी बदलता आलं असतं.

हिशेबनीस

रिंगफेन्सिंगचा मुद्दा मान्य. तो मूळ करारात नसणं ही खरी चूक आहे, आणि माझ्या क्षेत्रातली प्रामाणिक माणसंही खासगीत हे कबूल करतात. पण त्या एका कलमासाठी 'करार पाळणारा देश' ही पत घालवू नये. सत्तेत येण्याआधी याच करारावर टीका करणाऱ्या पक्षाने २०२० नंतर त्याला हात लावला नाही, याचं कारण मला तरी हेच दिसतं. नॉर्वेचं उदाहरण कोणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो. नॉर्वेकडे १९६९ मध्ये एकोफिस्क हे तेलक्षेत्र सापडलं तेव्हा जहाजबांधणी होती, इंजिनियर होते, तीन वर्षांत सरकारी तेल कंपनी उभी राहिली. गयानाची शिकलेली माणसं न्यूयॉर्क आणि टोरांटोला आहेत.

ओवी_वाचक

म्हणूनच आलेला पैसा कुठे जातो ते बघायला हवं. २०२४ मध्ये प्रत्येक प्रौढ नागरिकाला एक लाख गयानीज डॉलर रोख देण्याचं जाहीर झालं, आपले चाळीसेक हजार रुपये. जानेवारी २०२५ पासून विद्यापीठाची फी माफ. फी माफ करणं मला मनापासून आवडलं. रोख रकमेचं काय, ती भाड्यात आणि कोंबडीत जाते, त्या आजींनी सांगितलं तशी.

सागरवाट

हिशेबनीस, शेलची गोष्ट मला माहीत नव्हती. 'लूट' हा शब्द मी वापरला नव्हता, पण मनात होता. तो मागे घेतो. खर्चवसुलीची वेगळी खाती आणि पावत्यांची उघड तपासणी, एवढ्यावर आपण दोघं एकत्र आलो तरी या धाग्याचं काम झालं. २ टक्क्यांवर मात्र माझं मत कायम आहे.

निघताना पाहिलेली एक गोष्ट राहिली. डेमेरारा नदीच्या पश्चिमेला वेल्स नावाचं गाव आहे. तिथला साखर कारखाना २०१६ अखेर बंद झाला. आता त्याच मळ्याच्या जागेवर समुद्रातून पाइपने गॅस आणून ३०० मेगावॉटचं वीजकेंद्र उभारत आहेत आणि देखरेखीला आपली सरकारी कंपनी इंजिनियर्स इंडिया आहे. पाइप टाकून झाला, केंद्र रखडलंय. टॅक्सीवाल्याने गाडी थांबवून दाखवलं. एका बाजूला माजलेला ऊस, कोणी न तोडलेला, आणि पलीकडे क्रेन. तो म्हणाला, माझा बाप या शेतात ऊस तोडायचा, मला इथे वॉचमनची नोकरी मिळते का ते बघतोय.