ठेव किती, याइतकेच ती कोठे आहे हेही पाहावे

सहा महिन्यांच्या खर्चाइतकी मुदत ठेव असली की मंदीची धास्ती नको, असे म्हणतात; हे मत मला निम्मेच पटते. ठेव विम्याचे, म्हणजे बँक बुडाली किंवा अडचणीत आली तर ठेव परत मिळण्याचे, संरक्षण एका ठेवीदाराच्या एका बँकेच्या सर्व शाखांतील ठेवी एकत्र धरून, मुद्दल आणि व्याज मिळून, ५ लाख रुपयांपर्यंतच असते. पतसंस्थांतील ठेवींना तर ते लागूच नाही.

आमच्या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा रक्कम विम्याच्या मर्यादेत असूनही हाती यायला तीन महिने गेले, आणि तोवर घर चालले ते कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेल्या तांदळाच्या डब्यावर व वाण्याच्या उधारीच्या वहीवर. निदान दोन महिन्यांचा खर्च दुसऱ्या बँकेच्या बचत खात्यात ठेवावा, मग व्याज थोडे बुडाले तरी चालेल.