मदत हवी आहे : गोव्याजवळच्या छोट्या बेटांवर जाण्यासाठी शिडाच्या बोटींची सोबत

नमस्कार.

आमची शिडाची छोटी बोट जुवारी नदीच्या मुखाजवळ नांगरलेली असते आणि पावसाळा संपल्यापासून मे महिना लागेपर्यंत मी व माझी पत्नी सवड मिळेल तसे तिच्यावर जातो. नदीत आणि किनाऱ्यालगत फिरण्याचा आम्हाला आता सराव झाला आहे. प्रश्न आहे तो बेटांवर उतरण्याचा आणि त्यासाठी लागणाऱ्या सोबतीचा.

बेटावर पाय ठेवायचा तर बोटीवर कोणीतरी थांबावेच लागते. बोगमाळोसमोरचे ग्रँड आयलंड सकाळच्या मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या) वाऱ्यावर आरामात गाठता येते, परंतु त्याच्या भोवतीचा तळ बराच खडकाळ आहे. दुपारी वायव्येचा वारा चढू लागला की बोट नांगरावर फिरते, साखळी खडकावर खरवडल्याचा आवाज नाळेपाशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, स्पष्ट ऐकू येतो, आणि अशा वेळी बोट सोडून दोघांनी उतरणे मला अजिबात योग्य वाटत नाही. त्यामुळे एकाने बेट पाहायचे आणि दुसऱ्याने नांगर सांभाळायचा, असेच दर वेळी होते. शेजारी दुसरी बोट असेल तर पाळीपाळीने राखण करता येईल. शिवाय संध्याकाळी एकमेकांच्या बोटीवर जाऊन चहा घेणे, पुढच्या मुक्कामाची माहिती देणे-घेणे हा या प्रवासातला मोठा आनंद असतो, आणि तो आम्हाला हवा आहे. पर्यटकांच्या आणि डायव्हिंगच्या बोटी दुपारनंतर परततात. मुक्कामाला कोणी राहत नाही.

गोव्यात शिडाच्या जहाजांची परंपरा जिवंत आहे. २००९-१० मध्ये कॅप्टन दिलीप दोंदे यांनी जिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ‘म्हादेई’ आणि नंतरची ‘तारिणी’, या दोन्ही नौका दिवाडी बेटावरच्या गोदीत बांधल्या गेल्या. शर्यतींत उतरणारेही येथे आहेत, मात्र ते संध्याकाळी किनाऱ्याला लागतात. बोटीवर रात्रीचा मुक्काम करणारे हौशी नाविक कोणत्या धक्क्यावर किंवा कोणत्या नांगरवाड्यात भेटतात, हे कृपया सांगावे.

जानेवारी-फेब्रुवारीत आधी उत्तरेकडे वेंगुर्ले व मालवणपर्यंत जाण्याचा विचार आहे, कारण जाताना वायव्येच्या वाऱ्याशी झगडावे लागले तरी परतताना तोच वारा पाठीशी राहतो. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवरील गुहांत पाकोळ्यांची घरटी आहेत. तेथे उतरण्यासाठी वन विभागाची परवानगी घ्यावी लागते का, आणि ती कोणत्या कार्यालयातून मिळते? उतरू देत नसतील तर आम्ही बेटांना लांबूनच वळसा घालू. पक्ष्यांना त्रास देऊन पाहण्यासारखे तेथे काही नाही. मालवणात सिंधुदुर्गाच्या आसपास पाण्याखालचे खडक पुष्कळ आहेत, म्हणून बंदरात शिरताना स्थानिक तांडेलाला (बोट चालवणाऱ्या जाणकाराला) बोटीवर घेणे मला आवश्यक वाटते. असे कोणी येतात का, आणि त्यांना आधी कुठे गाठावे?

दक्षिणेकडे पाळोळेच्या टोकाचे काणकोण बेट ओहोटीला चालतही गाठता येते, म्हणून तेथे सोबतीची तितकी गरज नाही. अंजदीव बेट नौदलाच्या ताब्यात असल्याने तो विचारच नाही. कारवारसमोरच्या कुर्मगड बेटाला मात्र आवर्जून जायचे आहे. तेथे वायव्येच्या वाऱ्यापासून आडोसा मिळेल अशी, वाळूचा तळ असलेली जागा कोणी वापरली असल्यास कळवावे.

शेवटचा प्रश्न जाळ्यांचा. मतलईचा फायदा घ्यायचा तर पहाटे अंधारातच निघावे लागते, आणि त्याच वेळी किनाऱ्यालगत जाळी टाकलेली असतात. मच्छीमार बांधवांचे नुकसान होऊ नये आणि आपले सुकाणूही अडकू नये, यासाठी किनाऱ्यापासून किती अंतर ठेवून जावे, आणि जाळ्यांच्या टोकांना या पट्ट्यात कोणत्या रंगाचे दिवे किंवा बावटे लावतात?