आजोबांचं चरित्र लिहायचंय, पण फौजेतली वर्षं पडताळायची कशी?

माणदेशी
आमचे आजोबा (आईचे वडील) शंभरीला टेकून गेले. वर्षश्राद्धाला पुस्तिका काढायची आहे. घरात चालत आलेलं असं: १९४० ला मराठा पलटणीत भरती, केरेनची (इरिट्रिया) लढाई, तोब्रुकला (लिबिया) कैद, इटलीतून पळून स्वित्झर्लंड, परतल्यावर एसटीत चालक आणि 'राज्यातली पहिली एसटी त्यांनीच चालवली'. हाताशी पाणी लागलेलं डिस्चार्ज बुक आणि तीन पदकं. थोरले मामा म्हणतात, गोष्टीला हात लावायचा नाही. काय करावं?

जुने_कागद
आधी बटालियन शोधा, नुसतं 'मराठा पलटण' म्हणून काही हाती लागत नाही. तेव्हा रेजिमेंटचा क्रमांक ५ होता, म्हणून कागदावर '२/५' किंवा '३/५' असं दिसेल. पहिला आकडा बटालियनचा. केरेनला मार्च १९४१ मध्ये २/५ आणि ३/५ दोन्ही लढल्या. जून १९४२ ला तोब्रुक पडलं तेव्हा कैद झाली ती २/५. म्हणून २/५ मधल्या माणसाच्या वाट्याला दोन्ही येऊ शकतात; कागदावर ३/५ असेल तर मात्र बदलीची नोंद सापडली पाहिजे.

पदकंही बोलतात. आफ्रिका स्टार इरिट्रियासाठीही मिळे, तेव्हा त्यावरून तोब्रुक सिद्ध होत नाही. इटली स्टार असेल तर मात्र कैदेची गोष्ट पुन्हा तपासा, कारण ३/५ नंतर इटलीत लढत होती. यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच बटालियनमध्ये, जुलै १९४४ मध्ये. पळून जाण्याचा भाग मुळीच अशक्य नाही: ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीचा युद्धविराम जाहीर झाला आणि छावण्यांतून बरेच कैदी निसटले, त्यांत भारतीयही होते.

बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या अभिलेख कार्यालयाला अर्ज करताना क्रमांक, हुद्दा, वडिलांचं नाव आणि तेव्हाचा जिल्हा लिहा. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता, आणि गाव आटपाडीकडचं असेल तर औंध संस्थान. पेन्शन नसलेल्यांचं पूर्ण सेवापत्रक बहुधा २५ वर्षांनी नष्ट केलेलं असतं. म्हणून 'लाँग रोल'मधल्या (भरती झालेल्यांच्या नोंदवहीतल्या) नोंदीची नक्कल मागा, तो रोल जपून ठेवतात. इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे द्या. 'जाधव'चं शेवटचं अक्षर कुठे 'व्ही', कुठे 'ओ' असतं.

पितळी
पदकांना पितांबरी लावू नका! भारतीय सैनिकांच्या पदकांवर बहुधा क्रमांक आणि नाव ठोकलेलं असतं: स्टारच्या मागच्या बाजूला, वॉर मेडलच्या कडेवर. घासलं की आधी तेच झिजतं. अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरून फोटो काढा, पुसट अक्षरंही सावलीने उठतात. डिस्चार्ज बुकची चिकटलेली पानं ओढू नका, चिकटपट्टी तर नकोच. दमट असेल तर आधी सावलीत सुकू द्या, मग सुटी झालेली पानं ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन करा. काळ्या-पांढऱ्यात शाईचा आणि पाण्याचा डाग एकच दिसतो.

फलाट_क्र_३
पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर धावली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे, ही नावं नोंदलेली आहेत. महाराष्ट्रात निम्म्या घरांतल्या आजोबांनी ती गाडी चालवली आहे :) 'एसटीच्या सुरुवातीच्या काळात चालक' लिहा आणि बिल्ला क्रमांक, प्रॉव्हिडंट फंडाचे कागद शोधा, भरतीची तारीख तिथे मिळते. पुढची वर्षं लावताना लोकांना सन विचारू नका. 'पानशेत फुटलं तेव्हा कुठल्या डेपोत होते? कोयनेचा भूकंप? बहात्तरचा दुष्काळ?' असं विचारलं की जागा लगेच आठवते.

जुने_कागद
कैदेसाठी जिनिव्हाच्या रेडक्रॉसच्या अभिलेखागारातही युद्धकैद्यांची कार्डं आहेत. अर्ज वर्षातल्या ठरावीक काळातच घेतात आणि कोटा भरला की बंद, तारखेवर लक्ष ठेवा. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या युद्धडायऱ्यांत, म्हणजे तुकड्यांच्या रोजनिशीत (फाइलींची मालिका: मध्यपूर्व डब्ल्यूओ १६९, इटली डब्ल्यूओ १७०) शिपायाचं नाव क्वचितच असतं, पण बटालियन कुठल्या दिवशी कुठे होती ते कळतं.

मामांसाठी तोडगा: डाव्या पानावर घरची गोष्ट, शब्दही न बदलता, सांगणाऱ्याच्या नावासह. उजव्या पानावर कागद. जिथे कागद नाही तिथे उजवं पान कोरं सोडा, पुढे सापडला तर चिकटवता येईल.

माणदेशी
डिस्चार्ज बुकच्या मधल्या पानावर '२/५' आहे, पुढचं पान चिकटलेलं. आफ्रिका स्टार आहे, इटली स्टार नाही. बेळगावचा अर्ज या आठवड्यात टाकतो.