मदत हवी आहे: साक्षरता वर्गाचा खर्च ग्रामपंचायतीच्या आराखड्यात कसा घालायचा?

नमस्कार मंडळी. मालवण तालुक्यात, समुद्राकडच्या एका वाडीत आम्ही तिघी संध्याकाळी प्रौढांचा वर्ग घेतो. अकरा बायका येतात, बहुतेक मासे विकणाऱ्या. पापलेटाचा हिशोब तोंडी असा करतात की आपण कॅल्क्युलेटर काढेपर्यंत पैसे कनवटीला! पण बँकेची स्लिप समोर आली की अंगठा. त्यातल्या एका काकींनी परवा पहिल्यांदा सही केली, 'र'ची वेलांटी उलटी पडली, तरी कॅशियरने चालवून घेतली.

वर्ग 'उल्लास' म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रमाखाली आहे. योजना 2022 ते 2027 अशी पाच वर्षांची, खर्च केंद्र 60 आणि राज्य 40 टक्के. शिकवणारे सगळे विनामानधन स्वयंसेवक, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाट्या, वह्या, बल्बचं बिल आम्हीच भरतोय. विचारायला गेलं की "अनुदान आलं की कळवू". पुढच्या वर्षी मुदत संपल्यावर काय, तेही कोणी बोलत नाही.

म्हणून विचारते:
गावाच्या विकास आराखड्यात साक्षरता वर्गासाठी तरतूद कुणी करून घेतली आहे का? ग्रामसभेच्या ठरावात नेमकं काय लिहिलंत? मसुदा असेल तर फोटो टाका. आणि योजना पुढे चालू ठेवा म्हणून निवेदन आधी जिल्हा परिषदेला द्यावं की थेट आमदारांना?

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय घ्यायचाय, त्यामुळे जरा लवकर सांगा.