मदत हवी आहे: मॉलमध्ये अचानक गायचंय, पण लय कशी सांभाळायची?

नमस्कार मंडळी. आम्ही टोरांटोजवळ राहतो आणि मी इथल्या एका हौशी कॉयरमध्ये (समूहगानाच्या गटात) ऑल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गाते. यंदा नाताळच्या आधीच्या शनिवारी एका मॉलच्या फूड कोर्टात हँडेल या जुन्या युरोपियन संगीतकाराचा 'हालेलुया' कोरस (समूहगीत) गायचा बेत आहे. मॉलवाल्यांची परवानगी घेतलीये, बाकी कुणाला पत्ता नाही. कल्पना अर्थातच उसनी! नोव्हेंबर 2010 मध्ये इथल्याच ओंटारिओतल्या वेलंडच्या सीवे मॉलमध्ये 'कोरस नायगारा' या कॉयरच्या गायकांनी हेच केलं होतं. फोनवर बोलणारी एक बाई उठते आणि थेट गायलाच लागते, तो व्हिडिओ पाहिला असेल तुम्ही.

आमची गाडी अडलीये लयीपाशी. चाळीस जण टेबलाटेबलांवर विखरून बसणार. या टोकापासून त्या टोकापर्यंत पस्तीसेक मीटर, म्हणजे आवाज पोचायलाच सेकंदाचा दहावा भाग जातो. परवा पार्किंगमध्ये तसंच लांब लांब उभं राहून गायलो, तर बासवाले (सगळ्यात खालच्या आवाजाचे) काका लोक अर्धी मात्रा मागे. वर एकाने गाडीचा हॉर्न वाजवला तो वेगळाच.

हाताने ताल दाखवणारा कंडक्टर समोर उभा राहिला की गुपित फुटलंच. सुराची चिंता नाही. डी मेजर, म्हणजे आपली सफेद दोन, फोनवरच्या तानपुऱ्यावर हळूच घेता येईल. पण ठेका? पथनाट्यात किंवा ढोलपथकात असं विखरून काम कुणी केलंय का? कानात मेट्रोनोम (ठेक्याची टिकटिक) लावावा, की सगळ्यांनी एकाच माणसाच्या हाताकडे बघावं? आणि पहिल्या ओळीनंतर गात गातच जवळ सरकावं का?