प्रतिसाद: साधे यंत्र आणि व्हिक्टोरियातील लाल माती
नाणी शोधण्याचा साधा मेटल डिटेक्टर ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियाच्या रानात सोन्यासाठी चालेल का, असे एकाने विचारले आहे. चालेल, पण मर्यादितच; कारण तेथील मातीत अनेक ठिकाणी लोहखनिजे इतकी असतात की साधे यंत्र सोने नसतानाही वाजत राहते, आणि म्हणूनच अनुभवी मंडळी अशा जमिनीसाठी पल्स इंडक्शन प्रकारचे (जमिनीत चुंबकीय ठोके सोडून धातू ओळखणारे), बरेच महाग यंत्र पसंत करतात. व्हिक्टोरियातीलच किंगोवर गावाजवळ १९८० साली डिटेक्टरने सापडलेला सुमारे २७ किलोंचा ‘हँड ऑफ फेथ’ हा सोन्याचा गोळा फारसा खोल नव्हता, हे खरे. बहुतेकांच्या वाट्याला मात्र बंदुकीचे छर्रे आणि गंजलेले खिळेच येतात. शोध जुन्या खाणकामगारांनी उपसलेल्या मातीच्या ढिगांभोवती सुरू करावा. त्याआधी ‘मायनर्स राइट’ हा परवाना अवश्य काढावा आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवावा.