मदत हवी आहे: गोराईत तिवरांतला भराव कसा हटवून घ्यायचा?
मुंबईतल्या गोराई खाडीकाठी तिवरांत (खारफुटीत) रात्री डंपरने राडारोडा टाकून बांध घातलाय. भरतीचं पाणी आत शिरत नाही. चिखलातून वर आलेली बोटभर श्वासमुळं गाडली गेलीत, पानं पिवळी पडून गळताहेत. नवी रोपं लावून हे भरून येणार नाही, आधी पाणी सुटायला हवं.

दोन कार्यालयांत लेखी तक्रार दिलीय, पोच आहे. तारीख आणि अक्षांश-रेखांशासह फोटोही जोडले. पाहणी झाली, पंचनाम्याची प्रत मात्र देत नाहीत.

सातबारा खासगी आहे, पण उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाचं संरक्षण खासगी जमिनीवरच्या तिवरांनाही आहे, भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यासकट. त्यामुळे मालकीचा मुद्दा नको. वकील सध्या परवडणारा नाही.

बांध फोडण्याचा आदेश नेमकं कोण काढतं? आणि उपग्रहाची जुनी छायाचित्रं पुरावा म्हणून धरली जावीत यासाठी ती कशी जोडायची?